मिश्रीच्या पाठीचं माप

"डॉक्टर, आता पुरे. तपासणीचा बोर्ड येईल तेव्हा ही घोडी कास्ट करून टाकू. किती दिवस मलम फासत बसणार?"

कदम साहेब तबेल्याच्या दारातून बोलत होते. मी मिश्रीच्या पाठीशी उभा होतो, हात मलमानं माखलेले. जखमेच्या बाजूला नुसतं बोट टेकवलं तरी तिची कातडी पोटापर्यंत थरथरत होती. तिचा सवार मल्हारी इंगळे लगाम धरून समोर उभा होता. त्यानं साहेबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही, कारण तिच्यात माझ्याकडून अपेक्षा होती.

कास्ट करणं म्हणजे घोडा सरकारी दळातून कमी करून लिलावात काढणं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात असे घोडे टांग्याला जुंपले जात. पण त्या दिवसांत प्रश्न नुसत्या घोडीचा नव्हता. संस्थान विलीन झालं होतं, मध्य भारत नावाचं नवं राज्य उभं राहत होतं, आणि जुन्या फौजेतले मोजके सवार-घोडे तेवढे नव्या घोडेस्वार पोलिसांत घेतले होते. घोडा गेला की सवाराची जागाही गेली, असा नियम होता. मल्हारीचे वाडवडील घोड्यावरच जगले. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि शिकायचं वयही उलटून गेलं होतं.

मी सालोत्री, म्हणजे घोड्यांचा डॉक्टर. घर जयेंद्रगंजात, नोकरी आधी संस्थानची आणि मग जे सरकार येईल त्याची. माणसांपेक्षा जनावरं मला लवकर समजतात, असं माझी बायको म्हणायची आणि ती कौतुकानं म्हणायची नाही.

कदम साहेब सातारकडचे. नव्या व्यवस्थेत आमचे प्रमुख म्हणून बदलून आले होते. माणूस सरळ, पण घाईचा. आले त्याच दिवशी त्यांनी मिश्रीचं नाव ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. "मिश्री? घोडीचं नाव? दात घासायची?"

त्यांच्याकडे मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. आमच्या ग्वाल्हेरीत मिश्री म्हणजे खडीसाखर. घोडी होतीही तशीच, दुधात किंचित पिवळं मिसळल्यासारखी. हे त्यांना सांगितल्यावर ते हसले, पण पुढं कितीतरी दिवस तिला "ती तंबाखू" असंच म्हणत राहिले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की आपण सगळे मराठी बोलतो म्हणजे एकच भाषा बोलतो असं नाही.

मिश्रीचा आजार साधा होता. पाठ लागली होती. घोड्याच्या मानेच्या मुळाशी, आयाळ संपते तिथं एक उंचवटा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना खोगीर घासून किंवा दाबून जखम होते, त्याला पाठ लागणं म्हणतात. मलम लावलं, विश्रांती दिली की जखम भरायची. पुन्हा खोगीर टाकलं की उघडायची. आणि हे सुरू झालं होतं नवीन खोगिरं आल्यापासून. सगळ्या घोड्यांना एकाच मापाची, एकाच रंगाची, चकचकीत. परेडला दिसायची मात्र झकास.

कदम साहेबांनी आपल्या परीनं उपाय केले होते. "खोगीर लागतंय ना, मग भरती वाढवा," असं म्हणून गादीत लोकर ठासून भरायला लावली. जखम वाढली. मग त्यांनी, मी तिथं नसताना, मल्हारीलाच विचारलं, "काय रे, तुला काय वाटतं?"

मल्हारी म्हणाला, "साब, हिला तंग होतो."

"मग ढिला कर की! सांगायला काय होतं तुला?"

तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो पट्टा. सातारच्या घोडेवाल्याला तंग म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. मल्हारीनं हुकूम मानला आणि पट्टा सैल केला. खोगीर पाठीवर इकडून तिकडे सरकायला लागलं. आता दाबणं होतंच, वर घासणंही आलं. साहेबांनी पुन्हा विचारलं, मल्हारीनं पुन्हा तेच सांगितलं, आणि पट्टा आणखी सैल झाला. एकदा तर मल्हारी खोगिरासकट घोडीच्या पोटाखाली गेला.

"ही संस्थानी माणसं म्हणजे नुसती खोगीरभरती," साहेब माझ्याजवळ कुरकुरले. मी म्हटलं, "साहेब, सध्या त्रास खऱ्या खोगीरभरतीचाच होतोय." ते त्यांना रुचलं नाही.

मला संशय होता तो खोगिराच्या आकाराचा. खोगिराच्या पोटात लाकडी सांगाडा असतो, त्याला आमच्याकडे काठी म्हणतात. काठीची पुढची कमान घोड्याच्या पाठीवर बसली पाहिजे, नाहीतर वर कितीही लोकर घाला, बूट लहान असताना दोन मोजे घातल्यासारखं होतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. खोगीर घोड्यावर असताना आत काय चाललंय ते दिसत नाही. काढून पाहिलं तर घोडी एकीकडे, काठी एकीकडे. दोन्ही एकाच वेळी शेजारी ठेवून पाहता आलं तर काही उपयोग. म्हणजे घोडीच्या पाठीचा नुसता आकार उचलून टेबलावर आणायला हवा होता.

"बोर्ड यायच्या आत सिद्ध करा," साहेब म्हणाले. "मग मी कास्ट करत नाही. मला काय हौस आहे का?"

तबेल्याला लागून एक गोदाम होतं. विलीनीकरणात माणसं पांगली आणि सामान एकत्र आलं, अशी तऱ्हा होती. बांधकामाचं, बागेचं, बग्गीखान्याचं, सगळं त्या गोदामात आणून टाकलेलं. तिथून मल्हारीनं मला एक वस्तू आणून दाखवली. वीतभर लांब पितळी पट्टी आणि तिच्यातून आरपार गेलेल्या, दाटीनं बसवलेल्या पोलादी सुया.

"हा कंगवा आहे, साब. पण बेकार आहे. मी हिच्या आयाळीत फिरवला, तर केस अटकून गेले. निघतच नव्हते."

मी ती हातात घेतली. सुया घट्ट नव्हत्या, दाबल्या की मागे सरकत होत्या. सहज खुर्चीच्या हातावर दाबून पाहिलं. खुर्चीचा हात गोलाईचा, मध्ये खाच असलेला. पट्टी उचलली तर सुयांच्या टोकांवर तीच गोलाई आणि तीच खाच जशीच्या तशी उमटलेली. मल्हारीनं ती माझ्या हातातून घेतली आणि आपल्या नाकावर दाबली. नाकाची रेघ उमटली. आम्ही दोघंही लहान मुलांसारखे हसलो.

तो कंगवा नव्हता, कंगोऱ्याचं माप घ्यायचं हत्यार होतं. जुन्या इमारतीत भिंतीच्या वरच्या कडेला किंवा दाराच्या चौकटीला नक्षीचे कंगोरे असतात. त्यातला एखादा तुकडा तुटला की सुतार किंवा गवंडी हे हत्यार शेजारच्या धड तुकड्यावर दाबतात, उमटलेली रेघ कागदावर काढतात आणि तसाच तुकडा नवा घडवतात. मला वाटलं, काम झालं. मी कदम साहेबांना बोलावून आणलं. ही घाई मात्र नडली.

मिश्रीला सपाट फरशीवर उभं केलं आणि मी ती पट्टी तिच्या पाठीवर टेकवली. एकदम इतक्या सुया टोचल्यावर कुठलीही शहाणी घोडी करील तेच तिनं केलं. माझी टोपी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. साहेबांनी मला उठवलं आणि तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

दुसऱ्यांदा सुयांवर फडकं घालून पाहिलं. ती उभी राहिली, पण हत्यारच तोकडं पडलं. मला उंचवट्यावरून दोन्ही बाजूंना हातभर खाली जायचं होतं, पट्टी वीतभर. शिवाय सुयांना मागे सरकायला जागा होती चार बोटं, आणि पाठीचा उतार त्याहून कितीतरी खोल. त्यातून लाकूड हलत नाही, घोडी श्वास घेते. हत्यार उत्तम होतं, पण लाकडाचं होतं. मी ते पुसून ठेवून दिलं. ओळखू आलं म्हणून तेच वापरायला हवं असं नसतं.

सायकल काढून दौलतगंजला गेलो. तिथं लोखंड, नळ, खिळे विकणारं एक दुकान होतं. विचार होता जाड तार घ्यावी, पाठीवर वाकवावी आणि उचलावी. दुकानदारानं तार दिली. मी ती त्याच्या गल्ल्याच्या गोल कडेवर दाबली. सोडली, तर तार परत थोडी उलगडली. आणखी जाड तार घेतली. ती माझ्या हातानं वाकेचना.

"करना क्या है आपको?" दुकानदार वैतागला.

"घोड़ी की पीठ का नाप लेना है."

"नाप? सूट सिलवा रहे हैं क्या उसका?"

माझं लक्ष त्याच्या मागच्या फळीवर गेलं होतं. तिथं शिशाच्या पट्ट्यांची गुंडाळी पडली होती. नळाच्या सांध्यांना आणि छपराच्या फटींना शिसं लावतात. मी एक पट्टी मागून घेतली, अंगठ्याएवढी रुंद. गल्ल्याच्या कडेवर ठेवली आणि दोन्ही हातांनी वरून चेपत नेली. हात काढले. शिसं जिथं ठेवलं तिथं राहिलं. उचललं तरी आकार तसाच. पोलादाला आपल्या मूळ आकाराची आठवण असते, शिशाला नसते. मला अशीच विसराळू वस्तू हवी होती.

"ये पाइप के लिए है, घोड़ी के लिए नहीं," दुकानदार म्हणाला.

"आप तौलिए."

मी पट्टी चांगली दोन हात लांब घेतली. शिसं विषारी, आणि जनावर जखमी, म्हणून घरी येऊन तिच्यावर धुतलेल्या मलमलीची पिशवी चढवली. पिशवी बायकोनं शिवून दिली. कशासाठी ते विचारलं नाही. माझ्याशी संसार करून तिनं ते सोडून दिलं होतं.

आकार उतरवण्यात हत्याराइतकंच महत्त्व उभं करण्याला असतं. पहिलं माप मी घेतलं तेव्हा मिश्री दाण्याच्या पाटीत तोंड घालून होती. मान खाली गेली की उंचवटा वर येतो आणि खांदे आवळतात. कागदावर काढलेली ती रेघ मला अरुंद दिसली, म्हणजे खोगीर बरोबर आणि माझा संशय चूक. क्षणभर मी हबकलो. मग पाटी दिसली. मल्हारीला म्हटलं, "हिची मान सरळ धर. चारी पाय चौकोनात. आणि तू तिच्याशी बोल, माझ्याशी नको."

तो तिच्याशी हिंदीत बोलायला लागला. घरी मुलांशीही तो हिंदीतच बोलायचा. "बस बेटा, बस, अभी हुआ." मी पट्टीचा मध्य उंचवट्यावर ठेवला, जखमेच्या जागी हात हलका ठेवत दोन्ही बाजूंनी चेपत खाली गेलो, आणि पट्टी सरळ वर उचलली. आडवी ओढली तर ती फाकते. कागदावर ठेवून आतल्या कडेनं पेन्सिल फिरवली. तसंच थोडं मागे, आणि आणखी मागे. ताडून पाहण्यासाठी सगळी मापं पुन्हा घेतली. रेघा एकमेकींवर बसल्या. मग जाड पुठ्ठ्यावर उतरवून पाठीचे आकार कापले.

कदम साहेबांसमोर नवं खोगीर टेबलावर उलटं ठेवलं. ठासलेली लोकर आधीच काढली होती. पुढच्या कमानीत पुठ्ठा घातला. बरोबर असता तर तो कमानीला दोन्हीकडे सारखा टेकून बसला असता. तो अर्ध्यातच अडकला. कमानीची खालची दोन टोकं पुठ्ठ्यात रुतली. ती टोकं जिथं रुतत होती, तिथंच मिश्रीच्या दोन्ही जखमा होत्या.

मल्हारी पुढं झाला. त्यानं तो अडकलेला पुठ्ठा हलवून पाहिला आणि त्याचा आवाज चढला. "हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय, साब! तंग होतो! हिला तंग होतो!"

"अरे, मग दर वेळी ढिला करायला लावला ना तुला!"

"पट्टा नाही, साब! जीन! जीन तंग होतो!"

साहेब माझ्याकडे पाहायला लागले. मला हसू आलं. मी म्हटलं, "साहेब, हा हिंदीतला तंग. अरुंद. आमच्याकडे गल्ली तंग असते, सदरा तंग असतो. खोगीर अरुंद पडतंय, असं म्हणतोय तो."

"आणि मी पट्टा सोडत बसलो?"

"हो."

"आणि हा गुपचूप ऐकत राहिला?"

मल्हारी म्हणाला, "आपण साब आहात. मला वाटलं, यातही काही तरकीब असेल."

कदम साहेब खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडायला लागला. चूक कळल्यावर दुसऱ्यावर ओरडणारे साहेब मी पुष्कळ पाहिले आहेत. हसणारे फार थोडे.

पण हसून कमान रुंद होत नाही. बोर्ड जवळ आला होता. गोदामात संस्थानच्या काळची जुनी खोगिरं ढीग लावून ठेवली होती, लिलावाची वाट पाहत. त्या काळी एकेका घोड्याच्या पाठीवर बेतून काठी घडवत. मी आणि मल्हारी पुठ्ठे घेऊन ढिगात शिरलो. एकेक खोगीर उलटं करायचं, पुठ्ठा घालायचा, बाजूला ठेवायचं. कुठं पुठ्ठा डुगडुगायचा, कुठं अडकायचा. धुळीनं शिंकून शिंकून डोकं दुखायला लागलं. शेवटी एका खोगिरात तो दोन्हीकडे सारखा टेकून बसला. चामडं सडलेलं होतं, लाकूड मात्र ठणठणीत.

"जुनं खोगीर परेडला चालणार नाही," साहेब म्हणाले. "सगळं एकसारखं दिसलं पाहिजे. हुकूम आहे."

"दिसेल की. काठी जुनी, चामडं नवं. नव्या खोगिराचं चामडं उसवून या काठीवर चढवू."

"सरकारी नवा माल कापायचा?"

"नाहीतर सरकारी घोडी कापली जातेय, साहेब."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर मल्हारी मिश्रीला पाणी पाजत होता. "कापा," ते म्हणाले. "कुणी विचारलं तर मी सांगीन."

काम जीनसाज रमजानभाईंनी केलं. ते खोगिरं बनवण्यात मुरलेले, पण नवं चामडं उसवताना त्यांनाही घाम फुटला. काम झाल्यावर ते खोगीर इतर खोगिरांच्या रांगेत ठेवलं. साहेबांना ओळखता आलं नाही. मलाही आलं नसतं.

पाठ पुरती भरू दिली आणि मग मल्हारी तिला शेजारच्या मुरारपर्यंत घेऊन गेला. मी सायकलवर मागे. परत आल्यावर मी स्वतः खोगीर उतरवलं. इथं पाहायचा असतो घाम. खोगीर नीट बसलं असेल तर पाठ सगळीकडे सारखी ओली होते. जिथं दाब पडतो तिथं कातडी कोरडी राहते. उजव्या बाजूला तळव्याएवढा कोरडा डाग होता. मल्हारीचा चेहरा पडला. मी पुठ्ठा घालून पाहिला, काठी बरोबर होती. उजवी गादी जरा जास्त भरली गेली होती. रमजानभाईंनी टाका सोडून मूठभर लोकर काढली. पुढच्या फेरीनंतर पाठ सारखी ओली. त्या ओल्या पाठीवर मी हात ठेवला आणि मला फार बरं वाटलं.

बोर्ड आला. अध्यक्ष वयस्क घोडेवाले होते, बोलणं कमी. त्यांनी मिश्रीला चालवलं, दौडवलं, मग खोगीर उतरवून उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना अंगठे जोरात दाबले. तिनं कानसुद्धा हलवला नाही. मल्हारी शेजारी ताठ उभा होता.

"इसको कास्ट के लिए क्यों रखा था?" अध्यक्षांनी विचारलं.

कदम साहेब एक पाऊल पुढं आले. त्यांची हिंदी तेव्हाही साताऱ्याचीच होती. "सर, घोडी बराबर थी. काठी कास्ट करने की थी. वो हमने कर दी."

अध्यक्षांनी खोगीर उलटं करून पाहिलं. काठी जुनी आहे हे त्यांना कळलं असणारच. त्यांनी ते पुन्हा सुलटं केलं. जाताना मात्र साहेबांना म्हणाले की बाकीच्या घोड्यांचीही मापं घ्या. आम्ही घेतली. आणखी काही पाठींना त्या नव्या काठ्या अरुंद निघाल्या आणि काहींना रुंद. गोदामातला ढीग लिलावात गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी घरी आला, हातात खडीसाखरेचा पुडा. म्हणाला, "डाक्टर साब, मुलं विचारत होती, आता बाबा घरी बसणार का. मी सांगितलं, नाही." एवढं बोलून तो रडला. मी माणसांच्या बाबतीत अडाणी, मला काय करावं ते सुचेना. बायकोनं त्याला चहा दिला.

मल्हारी पेन्शनीपर्यंत घोड्यावर राहिला, बरीच वर्षं मिश्रीवरच. म्हातारी झाल्यावर ती रीतसर कास्ट झाली आणि लिलावात मल्हारीनंच घेतली. सरकार घोडीला पेन्शन देत नाही. तिचा चारा त्याच्या पेन्शनीतून आला.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगायचो. जखम दिसली की मलमाच्या आधी माप घ्या. मापाला हत्यार निवडताना, ते किती देखणं आहे ते पाहू नका, ते कुणाच्या पाठीवर ठेवायचंय ते पाहा. आणि माणूस तेच तेच सांगत असेल, तर त्याला एकदा विचारा की बाबा, हा शब्द तुझ्या घरी कुठल्या अर्थानं वापरतात.